बारदानाचा ढाचा

आमच्या ट्रस्टच्या कामात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच: "पुतळा कोणाचा?" क्रेनवाला विचारायचा, पानठेल्यावरचे लोक विचारायचे, आणि परवानगी देणारे साहेब तर पेन उघडून उत्तराची वाट बघत बसायचे, कारण त्यांना पुढे काहीतरी लिहायचं असायचं. दर वेळी ट्रस्ट काढणारे काकाजी शेजारून अजिबात न लाजता सांगायचे, "कोणाचाच नाही."

"असं कसं काकाजी? कोणाचा तरी असनच न."

"नाही न गा. नुसता हाय."

चौकाला पुतळा आणि पुतळ्याला जयंती असलेल्या आमच्या नागपुरात 'नुसता' पुतळा उभा करणारा माणूस एकतर वेडा असतो किंवा त्याला निवडणूक लढवायची असते. काकाजींबद्दल लोकांनी दोन्ही बोलून झालं होतं. निवडणुका येऊन गेल्या, ते काही उभे राहिले नाहीत, तेव्हा मग वेडा हेच नक्की झालं.

त्यांची आरागिरणी होती. चंद्रपूरकडून सागवानाचे ओंडके यायचे आणि त्यांच्या पात्याखालून फळ्या होऊन बाहेर पडायचे. वय झाल्यावर त्यांनी गिरणी बंद केली, जागा विकली आणि सगळा पैसा एका धर्मादाय ट्रस्टमध्ये घातला. नातेवाइकांना वाटलं, धर्मशाळा बांधतील, निदान एखादं मंगल कार्यालय तरी. यांनी जाहीर केलं की ट्रस्ट मोकळ्या जागेत मोठमोठी शिल्पं उभारणार. नातेवाईक त्या दिवसापासून जे रुसले ते रुसलेच. काकाजींना मूलबाळ नव्हतं, काकू आधीच वारल्या होत्या, त्यामुळे रुसवा काढायलाही घरात कोणी नव्हतं.

"शिल्पंच काहून, काकाजी?" मी एकदा विचारलं होतं.

"सारी उमर मोठ्या वस्तूचे लहान तुकडे केले, बाई. खाट, पाट, देव्हारा, दाराची चौकट. सारं घराच्या आत जाणारं. आता एक असं कराचं हाय का जे कोणाच्याच घरात मावणार नाही."

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. पाण्याच्या टाक्या, गोदामं, शाळांचे मजले, हे माझं काम. कला मला कळत नाही आणि कळते असं मी कधी सोंगही केलं नाही. काकाजी पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आले तेव्हा माझा चहाचा कप कोपराने बाजूला सारून त्यांनी टेबलावर एक भलामोठा कागद पसरला. त्यावर लोखंडाचं काहीतरी वाकडंतिकडं वर गेलेलं होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ते मले बी नाही मालूम. पडन काय, ते सांग."

मी म्हटलं, पाया नीट केला तर नाही पडणार. त्यांनी कागदाची गुंडाळी केली, उठले, आणि दारातून म्हणाले, "मंग तू आमची इंजिनेरबाई." माझी फी, माझी तयारी, काही विचारलं नाही. मला राग यायला हवा होता. पण त्याआधी शिल्पाचे कागद घेऊन आलेल्या प्रत्येकाने मला त्याचा अर्थ समजावून माझा दिवस खाल्ला होता. हा पहिलाच माणूस माझ्याइतकाच अडाणी निघाला, आणि मला तो तिथेच आवडला.

अडाणी म्हटलं खरं, पण त्यांची एक पद्धत होती, आणि ती त्यांनी कोणत्याही मोठ्या शिल्पकारासाठी मोडली नाही. शिल्प पसंत करण्याआधी त्याच जागी, तेवढ्याच उंचीचा आणि तेवढ्याच रुंदीचा बांबूचा सांगाडा उभारायचा. लग्नाचे मांडव घालणारा एक जण ते काम करायचा. सांगाड्यावर बारदान, म्हणजे धान्याच्या पोत्यांचं गोणपाट, ताणून शिवायचं. याला सगळे ढाचा म्हणत. ढाचा महिनाभर ऊनवारा खात उभा राहायचा आणि काकाजी समोर घडीच्या खुर्चीवर काळी छत्री उघडून बसायचे. ते ढाच्याकडे बघत नसत. त्याच्याजवळून जाणाऱ्या लोकांकडे बघत.

"टोळीनं येऊन फोटो काढला, गेले, ते नाही धराचं," ते मला शिकवत. "एकटा माणूस पाह्यजे. काही काम नसताना एकटा माणूस थांबला, हात लावला, जराक उभा राह्यला, का समजाचं जागा बरोबर हाय."

"आणि नाहीच थांबला तर?"

"तर दुसरीकडं नेऊ. शिल्प वाईट नसते वं, जागा चुकते."

या ढाच्यापायी महालात जे झालं ते अजून तिथले लोक सांगतात. पोळ्याच्या सुमारास तिथल्या एका मोकळ्या कोपऱ्यात आम्ही ढाचा उभारला होता. आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. गावातली रोगराई, महागाई, जे काही नकोसं असेल ते घेऊन जा म्हणून बांबू-कागदाचे अक्राळविक्राळ बडगे मिरवत नेतात आणि शेवटी जाळतात. अशा दिवशी महालात बांबू-बारदानाचं दोन मजली धूड बेवारशी उभं करून ठेवणं हा आमचाच मूर्खपणा. सकाळी पोरांना वाटलं, कुठल्यातरी मंडळाचा बडग्या राहून गेला. त्यांनी त्याच्यावर डोळे रंगवले, गळ्यात वांग्यांची माळ घातली, पाट्या लावल्या आणि वाजतगाजत उचलून नेला. मी पोचले तेव्हा कोपऱ्यात चार खड्डे होते, आणि खुर्चीवर काकाजी पोट धरून हसत होते.

शिल्पकार दिल्लीहून आलेला, चिडून लाल झाला. त्याचं म्हणणं, हा त्याच्या कल्पनेचा अपमान आहे. काकाजी डोळे पुसत म्हणाले, "अपमान कायचा गा? तुह्या शिल्पानं साऱ्या गावची पिडा नेली. आमच्याइथं कोणाचं शिल्प इतकं कामाले येते?" ते शिल्प पुढे त्याच कोपऱ्यात उभं राहिलं. पोरं त्याला अजून बडग्याच म्हणतात.

दुसरा त्यांचा हट्ट असा की, शिल्प एकदा बसलं की ते पुन्हा तिकडे फिरकत नसत. ज्या जागी महिनाभर मुक्काम ठोकलेला, ती जागा रस्त्यात लागली तरी रिक्षावाल्याला वळसा घालायला लावायचे. मी छेडलं की म्हणायचे, "पोरगी दिल्यावर रोज तिच्या सासरी जाऊन बसाचं असते काय?" ज्यांना पोरगीच नव्हती त्यांनी हे म्हणावं!

त्यांच्या घरी एका खोलीत टीव्ही आणि दुसऱ्या खोलीत रेडिओ, दोन्ही दिवसभर चालू असायचे. चोर येत नाहीत म्हणे त्याने. त्या घरात चोराने नेण्यासारखं या दोन वस्तू सोडल्या तर काही नव्हतं. आणि हवा सुटली की त्यांचा फोन हमखास यायचा.

"इंजिनेरबाई, हवा सुटली. आपले सारे ठीक असन न?"

"काकाजी, याच्या तिप्पट वारा आला तरी ते हलणार नाहीत. मी सांगितलंय ना."

"हो हो, सांगतलं तू. तरी म्हटलं विचारून घ्या." मग जरा थांबून, "जेवली काय?" मग, "काय केलं होतं?" मग भाजीचं बोलणं, मग माझ्या आईच्या गुडघ्याचं. नागपुरात उन्हाळाभर वावटळी उठतात, त्यामुळे आमचं बोलणं बरंच व्हायचं. मला पायाचं गणित येतं तसं हेही गणित कळत होतं की फोन हवेचा नाही. पण एखाद्याला कळलंय असं दाखवलं तर त्याचा फोन बंद होतो, म्हणून मी दर वेळी नव्याने सांगायची की हलणार नाहीत.

धंतोलीतला दगड हे त्यांचं शेवटचं काम. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. झोपेतच गेले, टीव्ही चालू होता. पण ते नंतरचं. मला सांगायचंय ते त्या दगडाच्या आधीच्या ढाच्याचं.

धंतोली म्हणजे दवाखानेच दवाखाने. सगळ्या विदर्भातून पेशंट येतात. पेशंट वर काचेच्या आत असतो आणि त्याची माणसं खाली फुटपाथवर. चटई, पाण्याची कॅन, स्टीलचा डबा, फाइलची पिशवी. तिथे दोन गल्ल्यांच्या बेचक्यात एक तिकोनी तुकडा पडून होता, कडुलिंबाखाली. काकाजींनी तो हट्टाने मिळवला. काकू तिथल्याच एका दवाखान्यात गेल्या होत्या एवढं मला माहीत होतं. त्यांच्या तोंडून काकूंचं नावही मी ऐकलं नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही.

शिल्प वर्ध्याकडच्या एका शिल्पकाराचं होतं. काळा दगड, एका बाजूने माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला आणि वळत वळत दुसऱ्या बाजूला इतका खाली उतरलेला की त्याच्या कुशीत बसता यावं, पाठ टेकता यावी. मलासुद्धा ते चांगलं वाटलं, म्हणजे बघा. दिवाळीनंतर ढाचा उभा राहिला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याचं काम फत्ते झालं. एकटी माणसं येऊन थांबली, हात लावला, आत बसली. बांबूंना पिशव्या लटकल्या, बारदानाच्या सावलीत चटया पडल्या. पसंतीची जेवढी लक्षणं काकाजींनी मला शिकवली होती ती सगळी एका आठवड्यात दिसली.

पण काकाजी पसंती देईनात. "अजून पाहून राहिलो," म्हणायचे. संक्रांत गेली. "अजून जराक पाहू." तिकडे शिल्पकाराचे मला फोन. "मॅडम, दगड तयार होऊन माझ्या अंगणात पडलाय. शेजाऱ्याच्या शेळ्या चढतात त्यावर. एक रिसॉर्टवाला रोज येतोय, त्याला तलावाकाठी ठेवायचाय. मी काकाजींच्या शब्दावर थांबलोय, पण किती थांबू?" शिवाय जागेची परवानगी उन्हाळा संपेपर्यंतचीच होती. तोवर दगड बसला नाही तर तुकडा परत, तिथे पार्किंग होणार हे ठरलेलं. म्हणजे दगडही जाणार होता आणि जागाही.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. हवेचे फोन बंद झाले होते. आधी मला सुटल्यासारखं वाटलं, मग चुकल्यासारखं. होळीच्या आधी एक दिवस जोराची वावटळ उठली, माझ्या ऑफिसची खिडकी आपटली, आणि फोन वाजला नाही. मी गाडी काढून सरळ धंतोलीत गेले.

काकाजी खुर्चीवर नव्हते. खुर्ची दुसऱ्याच कोणाला दिलेली. ते ढाच्याच्या आत चटईवर मांडी घालून बसले होते, समोर उघडा डबा, दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. त्यांच्याभोवती पाच-सहा जण जेवत होते. एक बाई त्यांच्या डब्यात ठेचा वाढत होती. भिवापूरची ती. तिचा नवरा बऱ्याच दिवसांपासून वर अ‍ॅडमिट होता.

तिने मला पाहिलं आणि सरकून जागा केली. "या न ताई, बसा. काकाजींच्या कोण तुम्ही? पुतनी काय?" माझ्या उत्तराची वाट न बघता तिने विचारलं, "वर जाऊन आल्या काय? काकीची तब्येत कशी हाय आज? काल तर उठून बसल्या म्हणे."

मी काकाजींकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ते मला विचारत आले होते, पडेल का, पडेल का. त्या क्षणी त्यांच्या तोंडावर पुन्हा तेच होतं, आणि ते मला बघवेना.

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. "आज वरणभात खाल्ला."

सगळ्यांना आनंद झाला. एक म्हातारा म्हणाला, "पाहा, मी म्हनलं होतं न. अन्न जाऊन राह्यलं का माणूस सुधरते." मला एक भाकर दिली गेली. मी ती सगळी खाल्ली.

गाडीत बसल्यावर मात्र माझा संयम सुटला. मी त्यांना खूप बोलले. वडीलधाऱ्या माणसाला बोलू नये इतकं बोलले. "त्या लोकांची माणसं खरोखर वर पडलीत, काकाजी. ते घास मोजून खातात. आणि तुम्ही तिथे बसून नाटक करता?"

"मालूम हाय मले," ते म्हणाले. मग आपणहून सांगायला लागले.

पहिल्या दिवशी कोणीतरी विचारलं होतं, तुमचं कोण भरती आहे? यांनी सांगितलं, कोणी नाही. तो माणूस हो का म्हणाला आणि चटई उचलून जरा पलीकडे जाऊन बसला. "वाईट नाही बोलला, बाई. पण मी जसा काही लोकायचं दुःख पाहाले खुर्ची टाकून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं विचारलं, त मी म्हटलं, घरवाली. बस. त्यानं डबा पुढं केला. त्या दिवसापासून मले कोणी एकटं जेवू देल्लं नाही."

"पण काकाजी..."

"ऐक न. ती खरोखर होती त्या दवाखान्यात, तवा मी बी इथंच होतो. पण मी गाडीत बसत होतो. काच वर करून, एसी लावून. डॉक्टर बोलावन तवाच वर जाचं. इतके लोक बाजूले बसले असतात हे मले तवा दिसलंच नाही. कोणाले सांगतलं नाही, कोणाले विचारलं नाही. गेली, त गाडीत बसून घरी आलो. आता हे लोक रोज सकाळी विचारतात, काकी कशी हाय? मंग मले बी वाटते, आज कशी असन."

खरी अडचण पुढेच होती. त्यांनी काकूंना आजारी पाडलं होतं खरं, पण तब्येत बिघडवायची त्यांच्यात हिंमत नव्हती. "रोज सांगा लागते न काहीतरी. बिघडली म्हणाले जीभ उचलत नाही. त ती सुधरत चालली. डोळे उघडले, पाणी पेली, मले ओळखलं. मधात एकदा ताप आणला मी, पण त ती भिवापूरवाली बाई इतकी रडली का दुसऱ्या दिवशी उतरवा लागला." ते बोलताना हसले, आणि मीही हसले, आणि मग दोघांनाही आपण कशाला हसतोय ते कळलं.

मी त्यांना सरळ सांगितलं की दगड जाईल, जागा जाईल. ते म्हणाले, "मले समजते सारं. पण दगड बसला का माझं तिथलं काम संपलं. मंग मी कोणत्या तोंडानं तिथं बसू?" शिल्प बसल्यावर तिकडे न फिरकण्याचा नियम त्यांचाच होता. मी म्हटलं, मोडा तो नियम. ते म्हणाले, "नियम मोडन मी. पण कारण कोठून आणू?" मी फक्त एक मुदत मागितली. रामनवमीपर्यंत हो किंवा नाही सांगा, नाही सांगितलं तर मी शिल्पकाराला मोकळं करते. त्यांनी मान हलवली.

रामनवमीच्या आदल्या दिवशी मी त्यांचं उत्तर घ्यायला गेले. सकाळची वेळ होती, ऊन आत्ताच तापलेलं. भिवापूरची बाई नवी साडी नेसली होती. तिच्या नवऱ्याला सुट्टी मिळाली होती. तो ऑटोत बसला होता, वाळून काटकी झालेला, पण बसला होता. तिने सगळ्यांना भिवापूरची लाल मिरची वाटली, पुड्या बांधून. मग एका पिशवीतून तिने नारळ आणि खण काढला आणि काकाजींना म्हणाली, "चला न काकाजी, मले एकडाव वर घेऊन चला. म्या नवस बोलला होता. माझ्या मालकाले सुट्टी झाली का पहिले काकीची ओटी भरीन. दारावरच्या पासवाल्याले विचारलं म्या, तो सोडतो म्हणे दोन मिनिट."

काकाजी तिच्याकडे बघत राहिले. तिने तर साडीचा पदर खोचून चपलाही घातल्या होत्या. आसपासचे उठून उभे राहिले, कोणी म्हणालं, आम्ही पण पाहून येतो काकीला. मी मनात म्हटलं, आता खरं सांगा, सांगून मोकळे व्हा. मी पुढे होऊन काही बोलणार तेवढ्यात ते म्हणाले,

"वर नाही हाय ती. तिले आज सकाळीच सुट्टी झाली."

एक क्षण कोणाला कळलं नाही. मग जो गलका झाला तो मी धंतोलीत त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. त्या म्हाताऱ्याने काकाजींना मिठी मारली. बायका रडायला लागल्या. आदल्याच दिवशी आपला मुलगा भरती केलेला एक माणूस कोपऱ्यात बसला होता, त्याला कोणीतरी सांगितलं, "पाहा भाऊ, बारा आणे गेल्यात जमा होती काकी. घरी गेली आज." तो माणूस रात्रीपासून पहिल्यांदा उठून उभा राहिला. भिवापूरच्या बाईने नारळ आणि खण काकाजींच्या हातात दिला, तुम्हीच भरा म्हणाली, नवस पावला. मग प्रत्येकाची सूचना सुरू झाली. जिना चढू देऊ नका. गोळ्या वेळेवर द्या. मुगाची खिचडी द्या, तिखट नाही, तेल नाही. काकाजी प्रत्येकाला हो हो म्हणत होते.

मग ती बाई एकदम थांबली. "आन् तुम्ही इथं काहून बसले मंग, काकाजी? ती घरी एकटी असन न!"

"हो न," काकाजी म्हणाले. "हो. जातो मी."

ते इतक्या घाईने उठले की चप्पल घालताना तोल गेला. मी हात दिला. फुटपाथवरचे सगळे जण गाडीपर्यंत सोडायला आले, कोणीतरी त्यांची खुर्ची घडी करून डिकीत टाकली.

गाडी वळल्यावर मी म्हटलं, "खरं सांगायची वेळ होती ती."

"खरं सांगतलं असतं, त त्या नव्या माणसानं ऐकलं असतं न." त्यांनी नारळ दोन्ही हातांनी धरला होता. "त्याचं पोरगं कालच वर नेलं. त्याच्यासमोर कसं सांगू, का गेली म्हणून?" पुढच्या सिग्नलला त्यांनी नारळ मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "उद्या ढाचा काढून टाक, इंजिनेरबाई. त्या वर्धेवाल्याले फोन कर, दगड घेऊन ये म्हणा. माझा पेशंट घरी गेला. माझं आता तिथं काही काम नाही."

आणि मग ते रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. काकू गेल्या तेव्हा ते कोणासमोर रडले नाहीत असं त्यांचेच नातेवाईक सांगत. मी गाडी एका झाडाखाली उभी केली आणि काच खाली घेतली.

घरी पोचलो. त्यांनी कुलूप काढलं. घर गप्प होतं, सकाळी निघताना त्या दिवशी टीव्ही, रेडिओ काहीच चालू ठेवलं नव्हतं बहुतेक. ते मधल्या खोलीत उभे राहिले, नारळ आणि खण हातात, कुठे ठेवावं ते न कळून. मी ते त्यांच्या हातून घेतलं, टेबलावर ठेवलं, आणि स्वयंपाकघरात गेले. डब्यात मुगाची डाळ सापडली, तांदूळ सापडले. मी खिचडी लावली. दोन ताटं घेतली, वाढलं, त्यांना हाक मारली.

एक घास खाऊन ते म्हणाले, "तिखट नाही वं यात काहीच."

"आज आजारी माणसाचं जेवण आहे," मी म्हटलं. "गपचूप खा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि एकेक घास करत सगळं ताट संपवलं.